भंगारात देण्याआधी एकदा स्पिरिट लावून बघा!

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की घरोघरी एक वाद ठरलेला. माळ्यावरचं जुनं टेबल, पाय डुगडुगणारी खुर्ची, पॉलिश उडालेला पाट. एक पार्टी म्हणते, ‘देऊन टाका भंगारात.’ दुसरी म्हणते, ‘अस्सल सागवान आहे ते!’ यंदा तुम्ही दुसऱ्या पार्टीत या. कारण बऱ्याचदा लाकूड ठणठणीत असतं, गेलेलं असतं ते फक्त वरचं पॉलिश.

खात्री हवी असेल तर सराफ बाजारातल्या सरकारवाड्यात चक्कर मारा. पेशवेकाळातल्या त्या वाड्याचे नक्षीदार लाकडी खांब बघितले की सांभाळलेलं लाकूड किती टिकतं ते कळतं. घरातल्या टेबलाला तर अजून शंभर वर्षंही झालेली नसतात.

आधी टेबल उलटं करा. खालून दाबलेला भुसा दिसला किंवा वर सनमायका असेल, तर हा लेख त्याच्यासाठी नाही. भरीव लाकूड असेल तर ओल्या फडक्याने पुसून, वाळवून पुढे चला.

आता खरी टेस्ट. हार्डवेअरच्या दुकानातून स्पिरिट आणा आणि कुठल्यातरी लपलेल्या कोपऱ्यात दोन थेंब टाका. मिनिटभरात जागा चिकट झाली, तर ते लाखेचं पॉलिश. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या इवल्याशा किड्यांपासून मिळणारी ही लाख. सुतार तिला लाखदाणा म्हणतात. ती स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणूनच लॉकडाऊनमध्ये अनेकांच्या जुन्या टेबलांवर सॅनिटायझरचे डाग पडले!

पण हाच तिचा मोठा गुण. नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे किरकोळ ओरखड्यांसाठी सगळं खरवडत बसावं लागत नाही. एक लिटर स्पिरिटला साधारण सव्वाशे ग्रॅम लाखदाणा घ्या, रात्रभर भिजवून गाळून घ्या. कापसाचा बोळा मलमलीच्या फडक्यात गुंडाळा आणि पातळ हात द्या. एकाच जागी घासत थांबू नका, खालचा थर उचकटतो. प्रत्येक हातानंतर अर्धा-पाऊण तास वाळू द्या. एका जाड हातापेक्षा चार पातळ हात कधीही बरे.

पॉलिश पूर्ण गेलं असेल तर मात्र घासणं आलंच. आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०. घासायचं लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच. आडवं घासलं की ओरखडे पॉलिशखालून उठून दिसतात. कपाचा पांढरा गोल डाग सहसा पॉलिशमध्येच असतो, तो जातो. काळा डाग लाकडात उतरलेला असतो, तो पूर्ण जाईलच असं नाही.

एक गोष्ट सिरियसली घ्या. फर्निचरवर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगांमधल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ मध्ये आले. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांसाठी खूप घातक. घरात लहान भाचा-पुतणी असतील तर हा प्रयोग करूच नका, जाणकार कारागिराला विचारा.

वेळही साधा. पावसाळ्यात दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते. पाऊस ओसरल्यावरची आपल्या नाशिकची कोरडी हवा या कामाला एकदम बेस्ट. फक्त स्पिरिट पटकन पेट घेतं, त्यामुळे काम गॅलरीत करा आणि पणत्या, फटाके, गॅस यांपासून लांब.

आणि सुरुवात थेट आजोबांच्या टेबलावर करू नका. आधी एखादा पाट घ्या, हात बसू द्या. भंगारवाला काय, पुढच्या रविवारीही येईलच.