परतण्याचा हेतू (अमेरिकी भेट व्हिसा)

परतण्याचा हेतू सिद्ध करणे ही अमेरिकेच्या बी-२ या पर्यटन व कौटुंबिक भेटीच्या व्हिसाची मुख्य अट होय. १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टच्या कलम २१४(ब) नुसार या व्हिसाचा अर्जदार कायमच्या वास्तव्यासाठीच येत आहे, असे गृहीत धरले जाते. तसे नसल्याचे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची. फौजदारी खटल्यातील आरोपीला जो संशयाचा फायदा मिळतो, तो येथे नाही.

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखतीस जाणारे आईवडील बहुधा मुलाचे निमंत्रणपत्र व त्याच्या पगाराचे दाखले जपून नेतात. त्यांतून खर्चाची सोय दिसते, परतण्याचा हेतू नव्हे. अधिकारी अर्जदाराचे स्वतःचे मायदेशातील पाश पाहतो : नोकरी वा निवृत्तिवेतन, घर, शेती, मागे राहणारा जोडीदार किंवा अन्य अपत्ये, पूर्वीच्या परदेशवारीतून वेळेत परतल्याची नोंद. मुलाखत काही मिनिटांचीच असते आणि कागद पुष्कळदा उघडलेही जात नाहीत. म्हणून डीएस-१६० अर्जातील माहिती व तोंडी उत्तरे यांचा मेळ अधिक मोलाचा. मुलीच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या आईने ते कारण लपवू नये. हेतुपुरस्सर खोटी माहिती दिल्यास कायमची अपात्रता ओढवू शकते.

या कलमाखालील नकारावर अपील नाही. नव्याने शुल्क भरून पुन्हा अर्ज करता येतो.