हत्यारांची नित्याची धार

अहिल्यानगरास लागून असलेल्या आमच्या केडगावी पूर्वी बलुतेदार सुतार औते दुरुस्त करून देत असे. आता किरकोळ डागडुजी ज्याची त्यासच करावी लागते. बाभळीचे लाकूड कठीण. बोथट वाकस त्यावरून घसरून पायावर येतो; बोथट पटाशीस जोर करावा लागतो आणि ती हातात शिरते. दप्तरात असता आम्ही पेन्सिल मोडण्यापूर्वीच तिला टोक करून ठेवीत असू. हत्यारासही तोच नियम लावावा. कामाआधी पाच मिनिटे पुरेत.

कुरुंदाच्या सपाट दगडावर पाणी सोडावे. पटाशीचा उतार २५ ते ३० अंशांचा राखून ती दहावीस वेळा घासावी. पाठीकडे लोखंडाची बारीक कोर बोटास लागली, म्हणजे धार काठापर्यंत पोचली असे समजावे. मग पाठ दगडावर सपाट ठेवून ती कोर काढावी व शेवटी पाते चामड्यावर उलटे ओढावे. रंध्याच्या पात्यासही हाच विधी. वाकसाचा उतार आतल्या बाजूस असतो, म्हणून तेथे हत्यार स्थिर धरून लहान दगड फिरवावा.

यंत्राच्या सहाणेवर घाई करू नये. पाते तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरले. मग धार टिकत नाही. रोज थोडे घासणाऱ्यास त्या सहाणेची गरज क्वचितच पडते.