सायंटिफिक कॅल्क्युलेटर विकताय? बॉक्स काढण्याआधी तीन प्रश्न विचारा



कॉलेजजवळच्या स्टेशनरी दुकानावर आपण व्हिडिओ केला, त्यात वह्या, फाइली, झेरॉक्स सगळं आलं. एक वस्तू मात्र राहून गेली, आणि प्रवेशाच्या दिवसांत तुमचं सगळ्यात जास्त भांडवल तीच अडकवते. सायंटिफिक कॅल्क्युलेटर!

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. दुकान नवीन होतं. एक रिक्षावाले काका मुलीला घेऊन आले. मुलगी नुकतीच अकरावी सायन्सला लागलेली. काका म्हणाले, "सायन्सला लागतो ना तो द्या. चांगला द्या, पोरीचं नुकसान नको." मी सरळ सगळ्यात महागडा बॉक्स काढला. काकांनी घडी घातलेल्या नोटा उलगडून, दोनदा मोजून पैसे दिले. मी मनात खूश, सकाळी-सकाळी मोठी बोहनी झाली!

दोन-तीन महिन्यांनी काका परत आले. "साहेब, परीक्षेत हा चालत नाही म्हणतात." मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं, 'विकलेला माल परत घेतला जात नाही'. काका काही बोलले नाहीत. बॉक्स पिशवीत घातला आणि गेले. नंतर ते कधी दुकानात आले नाहीत. त्यांच्या स्टँडवरच्या बाकीच्यांची मुलंही समोरच्या दुकानातून वह्या घ्यायला लागली. शंभर-सव्वाशे रुपये नफ्यासाठी मी अख्खा रिक्षा स्टँड घालवला.

म्हणून आज एकच गोष्ट डोक्यात पक्की करा. स्वस्त कॅल्क्युलेटर म्हणजे कमी किमतीचा नव्हे. जो परीक्षेत चालतो आणि कोर्स संपेपर्यंत दुसरा घ्यावा लागत नाही, तो खरा स्वस्त. हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. ते सांगणं हेच आपलं काम.

पहिला प्रश्न : परीक्षा कोणती?

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्रीच्या पेपरवर सूचना असते की लॉग टेबल वापरता येईल, कॅल्क्युलेटर नाही. एमएचटी-सीईटी, जेईई मेन, नीट या परीक्षांतही कॅल्क्युलेटर नेता येत नाही. म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलाला आधी लॉग टेबलचं पुस्तक द्या. तेही आपल्याकडेच मिळतं!

डिप्लोमाचं वेगळं आहे. एमएसबीटीईच्या पेपरवर नॉन-प्रोग्रॅमेबल पॉकेट कॅल्क्युलेटरला परवानगी असल्याची सूचना असते. इथे 'नॉन-प्रोग्रॅमेबल' हा शब्द महत्त्वाचा. ज्यात प्रोग्रॅम लिहून साठवता येतो, तो डिप्लोमाच्या मुलाला विकू नका, कितीही भारी असला तरी.

सीए करणारा मुलगा आला तर त्याला सायंटिफिक दाखवूच नका. आयसीएआयच्या परीक्षेत जास्तीत जास्त १२ अंकी, सहा फंक्शन्स आणि दोन मेमरी असलेला बॅटरीवरचा साधा कॅल्क्युलेटर चालतो. आणि गेटच्या परीक्षेत स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, तिथे स्क्रीनवरच दिलेला असतो.

दुसरा प्रश्न : शाखा कोणती?

बॉक्सवर मोठ्या अक्षरात फंक्शन्सचा आकडा असतो. कॅसिओचं उदाहरण घेऊ, कारण बहुतेक मुलं तेच नाव घेऊन येतात. एफएक्स-८२एमएसवर २४०, एफएक्स-९९१एमएसवर ४०१, एफएक्स-९९१ईएस प्लसवर ४१७. गिऱ्हाईक आकडा बघतं. आपण काम बघायचं.

८२एमएसमध्ये साइन-कॉस-टॅन, लॉग, घात-मूळ, सरासरी, स्टँडर्ड डेव्हिएशन, रिग्रेशन एवढं सगळं येतं. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला किंवा सिव्हिल डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला तेवढ्यावर काम निभतं.

पण मुलगी इलेक्ट्रिकलला असेल तर? एसी सर्किटच्या गणितात कॉम्प्लेक्स नंबर येतात. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरला बायनरी, हेक्साडेसिमल येतं. डिग्रीच्या गणितात मॅट्रिक्स आणि इंटिग्रेशन. यातलं काही ८२एमएसमध्ये नाही, ९९१च्या दोन्ही मॉडेल्समध्ये आहे. अशा मुलीला आज लहान मॉडेल दिलं तर वर्षभरात मोठं घ्यावं लागतं. बापाचा खर्च दुप्पट. तिला सरळ सांगा, "ताई, एकदाच घे."

मग ९९१एमएस की ईएस प्लस? ईएस प्लसच्या स्क्रीनवर अपूर्णांक आणि वर्गमूळ पुस्तकात छापल्यासारखं दिसतं, त्यामुळे आकडे भरताना चूक झाली तर लगेच कळते. एमएसवर सगळं एका ओळीत लिहावं लागतं. बजेट तंग असेल तर एमएसवर काही अडत नाही. दोन्ही सोलर आणि बटन सेल अशा दोन्हींवर चालतात. ८२एमएस मात्र फक्त पेन्सिल सेलवर चालतो.

तिसरा प्रश्न : घरात जुना आहे का?

हा प्रश्न ऐकून नवीन दुकानदार घाबरतात. "सर, मग विक्री कशी होणार?" अहो, पण विचारून तर बघा! मोठ्या भावाचा, मावसबहिणीचा ९९१ बऱ्याच घरांत कपाटात पडलेला असतो. बहुतेक वेळा फक्त सेल संपलेला असतो. ९९१च्या या मॉडेल्समध्ये एलआर४४ बटन सेल लागतो. बारीक स्क्रू ड्रायव्हर काउंटरवर ठेवा, सेल बदलून द्या, चालू करून दाखवा. त्या दिवशी कमाई थोडीच होईल. पण तो माणूस घरी जाऊन काय सांगेल? "त्यांनी मला नवीन गळ्यात नाही मारला." ही जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

'बिघडलाय' म्हणून परत आला तर

यातले बरेच बिघडलेले नसतात. साइन ३० काढून बघा. उत्तर ०.५ यायला हवं. −०.९८८ आलं तर मशीन डिग्रीऐवजी रेडियनवर गेलंय, बस्स! ईएस प्लसमध्ये शिफ्ट, मोड आणि ३ दाबलं की परत डिग्री. एमएसमध्ये स्क्रीनवर डिग्री-रेडियनचा पर्याय येईपर्यंत मोडचं बटन दाबत राहायचं.

दुसरी तक्रार असते, "उत्तर अपूर्णांकातच येतंय." ईएस प्लसवर एस-डीचं बटन दाबलं की दशांशात येतं. विकतानाच या दोन गोष्टी दाखवून द्या. दोन मिनिटं लागतात, पण परत येणारे हेलपाटे वाचतात.

आणि एक सावधगिरी. ९९१ हा आकडा छापलेले दुसऱ्या कंपन्यांचे कॅल्क्युलेटरही बाजारात येतात, आणि नावासकट नकली मालही येतो. माल अधिकृत डीलरकडून पक्क्या बिलावरच उचला. वॉरंटी कार्डवर तारीख आणि शिक्का मारून द्या. दुसऱ्या कंपनीचा स्वस्त माल ठेवायला हरकत नाही, पण गिऱ्हाइकाला तसं सांगून विका.

किती माल भरायचा?

समजा तुमच्याकडे १५,००० रुपये आहेत. लहान मॉडेल खरेदीला ५०० आणि मोठं १,२०० रुपयांना पडतं असं धरू. तुमच्या डीलरचा भाव टाकून हिशेब पुन्हा करा. १२ लहान म्हणजे ६,००० रुपये, ७ मोठे म्हणजे ८,४०० रुपये. उरलेल्या ६०० रुपयांत सेल, स्क्रू ड्रायव्हर आणि थोडी लॉग टेबलची पुस्तकं. सहा-सहा मॉडेल्स भरू नका. दोनच ठेवा आणि संपत आली की पुन्हा मागवा. जवळच्या कॉलेजात इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर जास्त असेल तर मोठ्यांची संख्या वाढवा. त्यासाठी आधी कॉलेजात जाऊन कोणत्या शाखा आहेत, किती जागा आहेत ते बघून या.

शेवटच्या वर्षाची मुलं बाहेर पडतात तेव्हा त्यांचे जुने कॅल्क्युलेटर विकत घ्या. सगळी बटनं तपासा, सेल बदला आणि 'जुना' असं स्पष्ट लिहून विका. ज्या बापाला नवीन परवडत नाही, त्याच्यासाठी तोच सगळ्यात चांगला माल आहे.

मी नंतर दुकानातली ती पाटी काढली. त्या जागी लिहिलं, 'आधी विचारा, मग घ्या.' ते काका काही परत आले नाहीत. तुमच्या दुकानातून असा कोणी गप्प निघून जाऊ नये, एवढ्यासाठी हे सगळं सांगितलं.

या आठवड्यात एक काम करा. जवळच्या कॉलेजच्या दोन विद्यार्थ्यांना चहा पाजा आणि हे तिन्ही प्रश्न विचारा. त्यानंतरच डीलरला फोन लावा.