स्मशानांतील गुप्तहेर

गुप्तहेराची गोष्ट मुलांस प्रिय असते, आणि तो गुप्तहेर एखादा प्राणी असेल तर मग विचारावयासच नको. अमेरिकेंतील वॉल्टर ब्रूक्स या लेखकानें १९३२ सालीं फ्रेडी नांवाच्या डुकरास गुप्तहेर करून एक पुस्तक लिहिलें. हा फ्रेडी शेरलॉक होम्सच्या गोष्टी वाचून या धंद्यास लागतो आणि उंदरांनीं पळविलेल्या खेळण्यांतल्या आगगाडीचा तपास करतो. पुस्तक मोठें गमतीचें आहे. परंतु प्राण्यानें गुन्ह्याचा शोध लावावा ही कल्पना पश्चिमेकडूनच आली असें कोणी समजूं नये. पाली भाषेंतील जातकसंग्रहांत ५४७ कथा आहेत; त्यांतील २२ वी, कुक्कुर-जातक, ही अशाच तपासाची कथा असून तिच्यांत खेळणें नव्हे तर प्राण पणास लागले आहेत.

काशीचा राजा ब्रह्मदत्त एके दिवशीं उद्यानांतून परतल्यावर त्याचा रथ चामड्याच्या साजासह अंगणांतच राहिला. रात्रीं पाऊस पडला, चामडें भिजून मऊ झालें, आणि राजवाड्यांतील कुलीन कुत्र्यांनीं माडीवरून खालीं उतरून तें खाऊन टाकलें. सकाळीं सेवकांनीं राजास सांगितलें कीं, मोरीच्या तोंडानें बाहेरचीं कुत्रीं आंत शिरलीं आणि त्यांनींच हा नाश केला. राजा संतापला. दिसेल तें कुत्रें मारावें, असा हुकूम सुटला. (असे हुकूम केवळ कथेंतच सुटतात असें नाहीं. बेवारशी कुत्रीं मारण्यावरून १८३२ च्या जून महिन्यांत मुंबईंत दंगल झाली होती, व तींत पारशी मंडळी पुढें होती.) जीं कुत्रीं वांचलीं तीं स्मशानांत आपल्या नायकाकडे पळालीं. हा नायक म्हणजे त्या जन्मींचा बोधिसत्त्व.

चोर कोण हें वाचकांस येथें आधींच कळतें. आधुनिक लेखक तें बहुधा शेवटच्या पानापर्यंत लपवून ठेवतो. जातककारास त्याची गरज भासली नाहीं. त्याच्यापुढें प्रश्न आहे तो, तें सिद्ध कसें करावयाचें, हा.

नायकानें प्रथम विचार केला. राजवाड्यावर पहारा कडक. बाहेरच्या कुत्र्याचा आंत शिरकाव होणें अशक्य. तेव्हां साज खाणारीं कुत्रीं आंतलींच असलीं पाहिजेत. एवढें अनुमान बसल्या जागीं झालें. पण अनुमान म्हणजे पुरावा नव्हे. आणि तें राजापुढें मांडावयास जाणाऱ्याचाच जीव त्या हुकुमाखालीं होता! तरीही तो मनांत सर्वांविषयीं मैत्री धरून एकटाच भर रस्त्यानें निघाला. त्याच्यावर कोणी दगड उचलला नाहीं. न्यायसभेंत शिरून तो थेट राजाच्या आसनाखालीं गेला. सेवक त्यास ओढून काढूं लागले, तेव्हां राजानेंच त्यांस आवरलें.

मग त्यानें राजाचीच उलटतपासणी घेतली. अपराधी कोण हें राजास ठाऊक नव्हतें. तरी सर्व कुत्रीं मारावयाचीं, मात्र राजवाड्यांतलीं सोडून, हेंही राजानें कबूल केलें. नायक म्हणाला कीं, याला न्याय म्हणतां येत नाहीं. हा नुसता दुबळ्यांचा वध आहे. छंद, द्वेष, मोह आणि भय या चार आडवाटा राजानें टाळल्या पाहिजेत. राजानें पुरावा मागितला. नायकानें मागविलें काय, तर थोडें ताक आणि दर्भ! दर्भ कुटून ताकांत कालवला व तें राजवाड्यांतील कुत्र्यांस पाजलें. त्यांस ओकारी झाली आणि चामड्याचे तुकडे सर्वांच्या देखत बाहेर पडले.

आम्हांस ही कथा पंचतंत्रांतील पुष्कळ कथांहून निराळी वाटते ती येथेंच. तेथें सशानें सिंहास विहिरींत पाडिलें तें कपटानें. दानीएलानें सुसान्नेवर आळ घेणाऱ्या दोघां वडिलांस वेगवेगळें बोलावून झाड कोणतें असें विचारलें, तेथेंही उत्तर देणारा चुकेल तेव्हांच सत्य बाहेर यावयाचें. या श्वानानें कोणास फसविलें नाहीं. कोणीही पुन्हा करून पाहावा असा प्रयोग त्यानें करून दाखविला. आणि गवत खाऊन ओकणारें कुत्रें आपल्यापैकीं कोणीं पाहिलें नाहीं? तें ज्ञान त्याच्या जातीचेंच होतें. होम्सच्या ठिकाणीं होम्स शोभतो; पण या खटल्यास गुप्तहेर कुत्राच हवा होता.

राजानें प्रसन्न होऊन आपलें श्वेतच्छत्र त्यास अर्पण केलें. नायकानें राजास धर्म सांगितला आणि छत्र परत दिलें. पुढें राजानें प्राणिमात्रास अभय दिलें व सर्व कुत्र्यांस आपल्या ताटांतल्यासारखें अन्न रोज मिळावें अशी व्यवस्था केली. राजवाड्यांतील त्या चोरांस शिक्षा काय झाली, असें मुलें हटकून विचारतात. कथा त्याविषयीं कांहींच सांगत नाहीं. अभय सर्वांसच मिळालें, त्यांत तींही आलीं.