उशाशी पहाट

तुम्ही म्हणाल, गजराच्या घड्याळात काय वाईट आहे? वाईट काही नाही, पण ते माणसाला दचकवून उठवतं. खरी पहाट कधी दचकवत नाही. मिटल्या पापण्यांतूनही थोडा उजेड आत झिरपतो आणि डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी ‘उजाडू लागलं’ एवढाच निरोप मेंदूला देतात. मग झोपेचं मेलॅटोनिन ओसरू लागतं. शरीरातलं हे घड्याळ पेशींत कसं चालतं ते उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 साली नोबेल मिळालं.

बारामतीत जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो. आपली घड्याळं मिर्झापूरजवळच्या रेखांशावर चालतात आणि बारामती त्याच्या जवळपास आठ अंश पश्चिमेला, म्हणजे सूर्य अर्धा तास मागे. सातच्या शाळेसाठी पोराला उठवायचं ते काळोखातच. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश 2024 साली निघाला, पण मोठ्या मुलांचं काय? आमची मुलगी आठवीत आहे. तिच्यासाठी मी हा दिवा केला.

सामान थोडंच लागलं. बारा व्होल्टची पिवळसर एलईडी पट्टी, मोटारसायकलची बॅटरी, आर्डुइनोचा बोर्ड, पट्टी चालू-बंद करणारा मॉसफेट आणि वीज गेली तरी वेळ न विसरणारं, बटणसेलवरचं घड्याळ. (साधा एलईडी बल्ब पंख्याच्या रेग्युलेटरवर मंद होत नाही, नुसता लुकलुकतो.) पट्टी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होते; चालू राहण्याचा वाटा वाढवला की उजेड वाढतो.

गंमत आहे ती चढाच्या हिशेबात. उजेड सारख्या पायऱ्यांनी चढवला तर पहिल्या काही मिनिटांतच लख्ख वाटतं, पुढे बदल कळतच नाही. डोळा बेरीज पाहत नाही, पट पाहतो. बोर्डाकडे 255 पायऱ्या असतात. एकपासून तिथवर पोचायला आठ वेळा दुप्पट व्हावं लागतं. म्हणून अर्ध्या तासात दर पावणेचार मिनिटांनी दुप्पट. आपल्याकडे झुंजुमुंजु झाल्यापासून सूर्य वर यायला बावीस-चोवीस मिनिटं लागतात, तेव्हा हा वेग निसर्गापासून फार दूर नाही. पट्टीचं तोंड मात्र भिंतीकडे हवं, नाहीतर पोर पांघरूण डोक्यावर ओढून घेतं.

ताईचं घर इंदापूर तालुक्यात. दाजींनी दिवा पाहिला आणि हसले. “पाहुणं, असा दिवा आमच्याकडं लई वर्सांपासून हाय. फकस्त हळू लागत न्हाई.”

खरंच आहे. मोटरीच्या लाइनवर बल्ब जोडायचा आणि बटण चालू ठेवून झोपायचं. शेतीची वीज पाळीनं येते. रात्रपाळीत बल्ब एकदम डोळ्यांवर पेटला की समजायचं, लाइट आली. टॉर्च घ्यायची आणि इंचूकाट्यातून दारं धरायला निघायचं. ऑटो स्विच मोटर सुरू करतो, पण पाणी या सरीतून त्या सरीत वळवायला माणूसच लागतो. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली सुरू झाली. दाजींच्या रानात अजून पाळीच आहे. आणि रात्री दोनला उठणाऱ्या शरीराला मी कितीही सावकाश उजेड दाखवला, तरी ती पहाट खोटीच.

ताईनं तरी एक दिवा मागून नेला. दिवसपाळीच्या आठवड्यात तो सहाला उजळतो. रात्रपाळी आली की दाजी त्याची वायर काढून ठेवतात. पाणी देऊन पहाटे नुकतीच कुठे पाठ टेकलेली असते.