दोन इमारतींमधली जागा : मुंबईच्या सव्वाशे वर्षांचा मागोवा

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवीत प्लेगचं निदान केलं. त्या भागातल्या चाळी एकमेकींना खेटून होत्या. मधे उरायची ती सांडपाण्याची घरगल्ली. आतल्या खोल्यांत भरदुपारीही अंधार असे.

या साथीनंतर १८९८ साली मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. सगळा भूखंड बांधून काढायचा नाही, उजेड-वाऱ्यासाठी जागा सोडायची, हे बंधन ट्रस्टने घातलं. ट्रस्टचा उजेडाच्या कोनाचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम प्रसिद्ध आहे. त्याचा हिशेब सोपा होता : समोरची इमारत खिडकीपासून ५० फूट उंच जाणार असेल, तर मधे २५ फूट मोकळे हवेत. ट्रस्टने आखलेल्या दादर-माटुंग्याच्या वस्त्यांमध्ये आजही जुन्या इमारतींच्या दोन्ही अंगांना खिडक्या उघडतात. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

पुढे नियोजनाची भाषा बदलली आणि एफएसआयचा, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांकाचा, बोलबाला झाला. १९९१ च्या नियमावलीने तो शहरात १.३३ आणि उपनगरात १ ठरवला. पण एफएसआय एकूण किती बांधायचं ते सांगतो. जमीन किती मोकळी राहील, हे इमारतीभोवती सोडायच्या सामासिक अंतरावर ठरतं. पुनर्विकासात आणि झोपडपट्टी पुनर्वसनात नेमक्या याच अंतरावर सवलती दिल्या गेल्या.

त्याची किंमत गरिबांनी मोजली. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतीत दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर आहे. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथे आणि लल्लूभाई कंपाउंड या दुसऱ्या पुनर्वसन वसाहतीत क्षयाचं प्रमाण तुलनेने मोकळ्या पीएमजी कॉलनीपेक्षा बरंच जास्त आढळलं. ज्या कोंदटपणाविरुद्ध हे नियम जन्मले, तोच आपण नियमानुसार पुन्हा बांधला.

डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, रहिवाशांसाठीची किमान मनोरंजनाची जागा पोडियमवर नव्हे तर जमिनीवरच हवी, असा निकाल दिला. मोकळ्या जमिनीला पर्याय नाही, हे न्यायालयाला पटलं. नियम करणाऱ्यांनाही ते पटायला हवं. पुनर्वसनाला सवलती जरूर द्याव्यात, पण उजेड-वाऱ्याचं अंतर त्यातून कायमचं वगळावं. आणि सोसायटीच्या सभेत बिल्डरचा नकाशा येईल, तेव्हा कार्पेट एरिया विचारण्याआधी विचारावं : शेजारची इमारत किती मीटरवर आहे?