दोन तारा, दोन भाषा
टाकी रिकामी असली की पातळी मोजणारा ट्रान्समीटर दोन तारांतून ४ मिलिअँपिअर प्रवाह पाठवतो, काठोकाठ भरली की २०. मीटरवर १२ दिसले म्हणजे टाकी निम्मी. सुरुवात शून्यापासून का नाही? शून्य आले तर तार तुटली, हे लगेच कळावे म्हणून. जुन्यांची ही युक्ती आजही कारखान्यांत बिनतक्रार चालते.

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या रोझमाउंट कंपनीने त्याच दोन तारांवर ‘हार्ट’ ही डिजिटल संवादाची पद्धत बसवली. मूळ प्रवाहावर अर्ध्या मिलिअँपिअरची बारीक लहर चढते: १२०० हर्ट्झ म्हणजे १, २२०० हर्ट्झ म्हणजे ०. लहर जितकी वर, तितकीच खाली. सरासरी शून्य, त्यामुळे मूळ मापाला धक्का नाही. वेग सेकंदाला जेमतेम १२०० बिट. मोबाइलवाल्यांना हसू येईल. पण कम्युनिकेटर या हातात धरायच्या यंत्राचे दोन चिमटे कंट्रोल रूममध्येच तारांना लावले की ट्रान्समीटर आपला टॅग (ओळखीचे नाव), रेंज, बिघाड सगळे सांगतो. टाकीवर चढायला नको. मात्र या तारांच्या लूपमध्ये (मंडलात) साधारण २५० ओहमचा रोध हवाच. तो नसला की कम्युनिकेटर नुसता शोधत बसतो, आणि नवशिका ट्रान्समीटर बदलायला निघतो.